पुढची जागा

"सांग तुझ्या नवऱ्याला, डोंगर अजून माझ्या नावावर हाय!"

गुरुलिंग अप्पांनी ताट बाजूला सारलं आणि सुनेकडं बघून हे वाक्य टाकलं. तिचा नवरा, म्हणजे अप्पांचाच मुलगा शिवशंकर, दोन हातांच्या अंतरावर बसून जेवत होता.

"अप्पांना सांग, नाव त्यांचंच राहू द्या. मी फकस्त त्याच्यावर रूळ टाकून राहिलो," तोही बायकोकडंच बघून म्हणाला.

भाकरीची दुरडी घेऊन उभी असलेली ऋतुजा वैतागली. "मी काय टपालवाली हाय का? दोघान्ला बी कान हायत की देवानं दिलेले!"

कुणी हसलं नाही. शिवशंकरची आई दानम्मा असती तर हसली असती...

या घरात बाप आणि लेक एकमेकांशी सरळ क्वचितच बोलत. शिवशंकर विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा फोन आईला यायचा, आई तो अप्पांना सांगायची आणि अप्पांचं म्हणणं जरा गोड करून पोराला कळवायची. मागच्या साली दानम्मा गेली, लिंगैक्य झाली. तेव्हापासून तिचं हे काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं. पण गोड करणं तिला कसं जमावं!

जळकोटपासून थोड्या अंतरावर त्यांची डोंगराची जमीन होती. वर मुरूम, खाली थोडी काळी माती. तिथं माउंटन कोस्टर उभारायचा, असं शिवशंकरनं मनात घेतलं होतं. डोंगराच्या अंगानं लोखंडी रूळ, त्यावर दोन माणसांची छोटी गाडी. दोरानं वर ओढायची आणि मग आपल्याच भारानं सुसाट खाली! डोंगर यांचा, पैसा नांदेडच्या भागीदाराचा, यासेरचा. यासेरच्या बसगाड्या माहूरला भाविक नेत. परतीच्या वाटेवर लेकराबाळांना घटकाभर मजा म्हणून त्या जळकोटला वळवायच्या, असा दोघांचा बेत होता.

शिवशंकर हे सगळं ऋतुजाला जेवता जेवता समजावून सांगायचा. "मागं बसतो त्याच्या हातात ब्रेक. पुढच्यानं नुसतं बसायचं अन् वरडायचं." अप्पा भिंतीकडं तोंड करून ऐकायचे.

पण त्याच उतारावर मध्यावर दानम्माची समाधी होती. त्यांच्या लिंगायत समाजात जाळत नाहीत. बसवून, हातात लिंग देऊन, आपल्याच रानात मातीआड करतात. अप्पांनी स्वतःच्या हातानं तिथं चौथरा बांधला होता. वर काळ्या दगडाचं लहानसं लिंग, शेजारी बेलाचं रोप. दर सोमवारी ते पाणी घेऊन चढायचे, भस्म लावायचे आणि बसून राहायचे. घरी बोलायला कुणी नव्हतं, तिथं निदान ऐकणारं होतं.

बेत पहिल्यांदा कानावर आला तेव्हाच अप्पा कडाडले होते, "आईच्या अंगावरून लोकं बोंबलत घसरणार का रं?" शिवशंकर तोंड पाडून म्हणाला होता, "तुमाला काई बी समजत न्हाई, अप्पा!" तेवढंच सरळ बोलणं. त्यानंतर पुन्हा ऋतुजाच.

त्या सोमवारी अप्पा वर गेले आणि जागच्या जागी थिजले. उतारावर फक्कीची पांढरी रेघ आखलेली होती आणि दानम्माच्या चौथऱ्याच्या चारी कोपऱ्यांवर चार लाल झेंड्या रोवल्या होत्या.

लाल! लाल खूण म्हणजे काय, हे अप्पांना कुणी सांगायला नको होतं. गावातला रस्ता रुंद झाला तेव्हा घराघरांवर असाच लाल रंग मारला होता. त्यांच्या ओसरीवरही मारला होता. ज्याच्यावर लाल, ते पडणार. दानम्मानं ती खूण पदरानं पुसून बघितली होती. पुसली गेली नव्हती, ओसरी मात्र गेली होती.

म्हणजे पोरानं ठरवलं तर...! विचारलं नाही, एका शब्दानं सांगितलंही नाही.

अप्पा चौथऱ्याशी बसले. आधी संताप आला, मग तो विरला आणि नुसतं रितं रितं वाटायला लागलं. डोंगराच्या कागदावर सही द्यायची नाही म्हटलं तर पोराचं वर्षाचं हिंडणं मातीत जाईल. द्यावी तर...

आणि त्यांना लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला रहाटपाळणा आठवला. लग्न नवं होतं. पाळणा वर गेला तशी दानम्मा घाबरेल असं त्यांना वाटलं होतं, पण ही बया डोईवरचा पदर सुटला तरी खदखदा हसत होती! भ्याले होते ते अप्पा. बैलगाडीतसुद्धा तिला पुढंच बसायचं असायचं. "मागं बसून नुसती धूळ खायाची का?" म्हणायची.

"तूच सांग," अप्पा दगडाला म्हणाले, "तुला इचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? पोराला न्हाई म्हणाली असतीस?"

ती पोराला कधी नाही म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिवशंकर आणि ऋतुजा यासेरला आणायला नांदेडला गेले. भर दुपारी अप्पा कुदळ घेऊन डोंगर चढले. आईच्या समाधीवर कुदळ घालायचं पाप पोराच्या माथी नको. ज्यानं बांधली त्यानंच मोडावी! त्यांनी लिंग उचलून दानम्माच्या इरकली लुगड्यात गुंडाळलं. चौथऱ्याचे दगड एक एक करून काढले. बेलाचं रोप मातीसकट उपटायला गेले, पण मुरमात खोल गेलेलं मूळ कटकन तुटलं. तेव्हा मात्र म्हातारा तिथंच बसून लहान पोरासारखा रडला...

दिवस कलता कलता तिघं वर आले. शिवशंकर पुढं होता. पसरलेले दगड दिसले आणि तो धावतच तिथं आला.

"अप्पा... कुणी केलं हे?"

अप्पांनी सवयीनं सुनेकडं बघितलं. "सांग त्याला, वाट मोकळी केली म्हणावं. आता टाक तुझे रूळ."

"कशाची वाट?" शिवशंकर किंचाळला. "अप्पा, रेघ बघा की! रेघ!"

अप्पांनी मान वळवली. पांढरी रेघ वरून सरळ येत होती आणि चौथऱ्याच्या बऱ्याच अलीकडं बाजूला वळसा घेऊन खाली उतरत होती. झेंड्यांपाशी ती फिरकलीच नव्हती. काल त्यांना लाल दिसलं होतं, पांढरं कुठं जातं ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

"मग ह्या झेंड्या?"

"हितं कुणी पाय बी ठिवू नये म्हणून लावल्या, अप्पा! माझ्या आईच्या..." तो दगडांत गुडघ्यांवर बसला.

यासेर मागं चपला काढून उभा होता. तो हळूच म्हणाला, "अप्पा, मैंच बोला था इसकू, सीधी लाईन लेव, वळणाला खर्चा लई हाय. ये बोला, अम्मीला वळसा न्हाई तं धंदाच न्हाई."

अप्पांनी हातातलं गाठोडं छातीशी धरलं. "मग सांगितलं का न्हाईस रं मला?"

"तुमी तरी इचारलं का?" शिवशंकर हुंदके देत म्हणाला. "आई असती तर तिला सांगितलं असतं..."

ऋतुजानं तोंडाला पदर लावला. निरोप न्यायला या वेळी कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. अप्पा उठले, पोराच्या शेजारी येऊन बसले आणि मातीनं भरलेला हात त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला. हा हात तिथं शेवटचा कधी पडला होता, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"शंकऱ्या, स्वामींना बलवू. पुना बसवू आईला. माझं चुकलं रं..."

"माझं बी, अप्पा."

बापलेकांनी एकेक दगड पुन्हा रचला. लिंग वर ठेवलं. बेल मात्र आडवा पडला होता. ऋतुजानं तो तसाच खोचून बाटलीतलं पाणी घातलं. जगणार नाही हे सगळ्यांनाच कळत होतं.

उतरताना अप्पा रेघेच्या वळणापाशी थांबले. खालचं सगळं जळकोट तिथून दिसत होतं.

"गाडीत दोघंच बसत्यात न्हाई का रं?"

"हाव अप्पा. पहिल्या दिवशी तुमी पुढं बसा, मी मागं बसून ब्रेक धरतो."

"न्हाई. ब्रेक मला शिकीव. मी मागं बसतो."

"अन् पुढं?"

अप्पांनी वर समाधीकडं बघितलं.

"पुढची जागा रिकामी ठिव," ते म्हणाले. "तिला पुढं बसायला आवडायचं."