मैनाची होडी अडखळते

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पळस्पे फाट्यावर एका स्कूटरवर पायांच्या जागेत एक कॉम्प्युटर उभा होता, आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

स्कूटर मैनाची. कॉम्प्युटरही मैनाचाच. काळा उंच डबा, ओढणीने हँडलला बांधलेला. हार मात्र तिच्या वडिलांनी, काशिरामदादांनी घातलेला, आणि तो इतक्यात काढायचा नाही असं त्यांनी बजावलेलं. पुलाखालच्या खड्ड्यात स्कूटर दचकली, गाठ सुटली, आणि डबा एखाद्या डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखा हळूहळू रस्त्याकडे कलू लागला.

कुणीतरी तो दोन्ही हातांनी धरला.

"नवरदेव पडला असता," धरणारा म्हणाला. बाजूच्या गाड्यावर त्याचा उसाचा रस अर्धा राहिला होता. "बाकीची वरात कुठाय?"

"वरातीत मी एकटीच," मैना म्हणाली. "सोडा आता. थँक्यू."

"सोडला तर पडेल."

हे खरं होतं. मैनाने ओढणीची गाठ शोधायला सुरुवात केली. ती त्याच्या मनगटाखाली अडकली होती. त्याने मनगट हलवलं नाही. तिने हलवा म्हटलं नाही. ऑक्टोबरचं ऊन दोघांच्या मानेवर सारखंच पडत होतं.

"कुठे निघालाय हा?"

"पनवेलला, दुकानात. याच्यावर गेम अडखळतोय."

"विंडोज?"

"लिनक्स."

आता त्याने पहिल्यांदा डब्याकडून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन.

"दुकानात हे नाव घेऊ नका," तो म्हणाला. "बाहेर काढतील."

*

(अडखळणाऱ्या गेमसारखी मधली काही चित्रं इथे गळाली आहेत. त्यांत तो स्कूटरवर मागे बसला आणि डबा दोघांच्या मध्ये बसला. दुकानदाराने लिनक्स हे नाव ऐकलं, "विंडोज टाका, नाहीतर राहू द्या" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. परतीच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्या उडून त्याच्या शर्टाला चिकटल्या. त्याने झटकल्या नाहीत. नाव त्याने सांगितलं — कुंदन. उरणजवळच्या मोरा बंदराचा. बापाची मासेमारीची बोट, आणि हा द्रोणागिरीच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळायला. सध्या पळस्प्याच्या गोदामात पाठवलेला. तिथले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, म्हणाला. मैनाने विचारलं नव्हतं.)

*

होडी : थांबत थांबत चालते.

होडी म्हणजे मैनाच्या गेममधली. गेम तिने स्वतः बनवलेला. खाडी, खारफुटी, पलीकडे मिठागरं, आणि मधून एक लहान शिडाची होडी. खेळणाऱ्याने ती भरतीच्या आत धक्क्याला लावायची. मारामारी नाही, गोळीबार नाही. दसऱ्यापर्यंत ती होडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी पाण्यावरून जायची. दसऱ्यानंतर तिला उचकी लागली.

रविवारी पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीची माणसं मैनाच्या स्क्रीनवर ही होडी बघणार होती. घरबसल्या, फोनसारखंच, पण चित्रासकट. त्यांना आवडली तर मैनाला पुण्यात नोकरी. नाही आवडली तर दिवाळीनंतर धाकट्या काकाच्या ऑफिसात बसून ट्रकवाल्यांचे फोन घ्यायचे, असं घरात ठरलेलं. मैनाने तेही मान्य केलेलं, कारण त्या वेळी होडी पळत होती.

कुंदन संध्याकाळी गोदामातून सुटून आला, तेव्हा काशिरामदादा वायरी लावत होते.

"काका, मी लावू का?"

"तू बस. मीच काढल्या, मीच लावतो." दादा भिंत आणि टेबलाच्या फटीत डोकं घालून बोलत होते. "दसऱ्याला कोयता पुजला, इळी पुजली, मोटरसायकल पुजली. मग ही पोर दिवसभर ज्याच्यापुढं बसते त्याला नको? सगल्या वायरी काढल्या, पुसला, उन्हात ठेवला, हलदी-कुंकू लावलं."

"बाबा, कॉम्प्युटर उन्हात ठेवत नाहीत."

"देव पन ठेवतो की आमी."

कुंदनने ओठ आत घेतले. मग हळूच म्हणाला, "मागच्या वायरी एकदा बघितल्या असत्या…"

दादा फटीतून बाहेर आले. केसांना जळमट लागलेलं.

"रेतीच्या बोटीचं इंजिन उघडून परत बसवलेला मानूस हाय मी. या चार वायरींचं तू काय सांगतोस?"

"नाही नाही काका. बरोबरच असतील."

आणि त्याने बघितल्या नाहीत. गोदामात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तो आधी वायरच बघायचा. पण ज्या घरात पहिल्यांदा चहाचा कप हातात आलाय, तिथल्या कर्त्या माणसाच्या हातावर संशय घ्यायचा — हे त्याला जमलं नाही. एवढीशी चूक. सभ्यपणाची.

*

"ही होडी कुठली?"

"मोऱ्याची."

"मोऱ्याला शिडं कुठली आता? सगळ्यांना इंजिनं आहेत."

"माझ्या होडीला शीड आहे."

"आणि मासे?"

"नाहीत."

"कोळ्याच्या पोराला बिनमाशाची खाडी दाखवतेस?"

'दाखवता'चं 'दाखवतेस' कधी झालं हे दोघांपैकी कुणीच लक्षात घेतलं नाही. किंवा दोघांनीही घेतलं.

कुंदन स्क्रीनकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. होडी एक झेप घ्यायची, थिजायची. पुन्हा झेप. पुन्हा थिजायची.

"काय झालं?"

"काही नाही… मला जरा… बोट लागते."

"काय?"

"बोट लागते मला. घरात सगळे हसतात. बापाने दोनदा नेलं समुद्रावर, दोनदा ओकलो. म्हणून गोदामात." त्याने डोळे मिटले. "तुझी होडी त्या बोटीपेक्षा वाईट आहे."

मैना हसली. हसताना तिने तोंडावर हात ठेवला नाही. एरवी ती बहुतेक वेळा ठेवायची.

मग त्याने काळ्या खिडकीत काहीबाही टाइप केलं आणि म्हणाला, "सापडलं. चित्रं काढायला वेगळं कार्ड आहे ना तुझ्याकडे? ते झोपलंय. दिसतंय, पण काम करत नाही. सगळी चित्रं मुख्य चिप काढतेय. म्हणजे घरात रंगारी बसून आहे आणि भिंती आचारी रंगवतोय."

"मग रंगाऱ्याला उठव."

"त्याचा ड्रायव्हर बिघडला असणार. दसऱ्याच्या आसपास अपडेट केलं होतंस?"

"आदल्या दिवशी."

"मग तेच."

ते नव्हतं. पण पुढच्या दोन संध्याकाळी दोघांनी तेच असल्यासारखं काम केलं. ड्रायव्हर काढला, घातला. जुना घातला. खिडक्या उघडताना होणारी सजावट बंद केली, त्याने होडीची उचकी थोडी बसली. प्रत्येक वेळी मशीन बंद करून चालू करायचं. चालू होईपर्यंत करायला काही नसायचं. म्हणून बोलायचं.

"पुण्याला गेलीस तर राहणार कुठे?"

"आधी होडी तर चालू दे."

"चालेल."

"तुला चालायला हवीय?"

स्क्रीनवर अक्षरं धावत होती. कुंदन ती वाचत होता, म्हणजे निदान तसं दिसत होतं.

"मला ओकारी यायला नको," तो म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी टेबलाखालून झाडताना मैनाला कॉम्प्युटरची पाठ दिसली.

वरच्या बाजूला मशीनची स्वतःची खाच, त्यात स्क्रीनची वायर. खाली, कार्डाच्या खाचेत, वायर नाही — कुंकू. दादांना ती चकचकीत पट्टी मशीनचं कपाळ वाटली असावी. बोटभर ओलं कुंकू लावलेलं, आता वाळलेलं.

मैनाने वायर वरून काढली. खालच्या खाचेत लावली. मशीन बंद करून चालू केलं.

होडी : पळते.

पळते म्हणजे काय पळते! खारफुटी दोन्ही बाजूंनी सपासप मागे जाते, पाण्यावर ऊन फुटतं, शीड भरतं. मैनाने ती धक्क्याला लावली. परत सोडली. परत लावली. फोन उचलला. कुंदनचं नाव काढलं. 'सापडलं' असं लिहिलं.

पाठवलं नाही.

तिला जे दिसलं ते असं : हा निरोप गेला की तो म्हणणार, वा, छान. उद्या संध्याकाळी तो येणार नाही, कारण यायला कारण नाही. रविवारी पुणेवाले बघणार. मग ती जाणार. मग झालं.

तिने 'सापडलं' पुसलं. वाकून वायर पुन्हा वरच्या खाचेत लावली. उभी राहिली. आपण काय केलं याचं तिला हसूही आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. फक्त कान गरम झाले.

*

कुंदन : नक्की काय बिघडलंय ते कालही लक्षात आलं नाही. उद्या लवकर येतो. सुट्टी टाकलीय.

मैना : सुट्टी कशाला?

कुंदन : रविवार परवा आहे. चालू करूनच निघणार.

मैना : बरं.

मैना : बांगडे खातोस ना?

कुंदन : हा काय प्रश्न झाला.

*

होडी : अडखळते. (आता मुद्दाम.)

शनिवारी काशिरामदादा उरणला बहिणीकडे गेलेले. आई मागच्या दारी मासे साफ करत होती. कुंदनने नवीन काही आणलं होतं पेनड्राइव्हमध्ये. ते त्याने टाकलं. काही झालं नाही. तो खुर्चीत मागे रेलला.

"काका नाहीत, तर मागे एकदा बघून घेतो," तो म्हणाला. "राग येऊ देऊ नकोस. पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं."

"मागे काय बघायचं… राहू दे ना."

पण तो फोनचा टॉर्च लावून फटीत शिरला होता. बराच वेळ बाहेर आला नाही. मैना पंख्याकडे बघत राहिली.

"मैना."

"हं."

"कुंकू खालच्या खाचेत आहे. वायर वरच्या खाचेत आहे." त्याचा आवाज फटीतून येत होता, सपाट. "मग वायरीच्या पिनेला कुंकू कसं लागलं?"



तो बाहेर आला. जमिनीवरच बसला. पिन त्याच्या हातात होती, टोकाशी लालसर.

"तू लावून बघितलीस."

"काल सकाळी."

"आणि?"

"पळाली."

"मग काढली का?"

मागच्या दारी आईने पाण्याची बादली ओतली. तो आवाज संपेपर्यंत मैना थांबली.

"चालू झाली म्हटल्यावर आज आला असतास?"

कुंदनने पिन शर्टाला पुसली. मग ध्यानात येऊन शर्टाकडे बघितलं.

"उद्या तुझी मुलाखत आहे," तो म्हणाला.

"माहितीय."

"आणि तू वायर काढून ठेवलीस."

"तू गेल्यावर परत लावणार होते."

"विसरली असतीस तर?"

"विसरले नसते."

"मी सुट्टी टाकली, मैना. काल अर्धा दिवस मी शोधत होतो. मला वाटलं मलाच येत नाही. तुझं पुणं माझ्यामुळे जाणार असं वाटत होतं मला…" त्याने वाक्य तिथेच सोडलं. वाकला. वायर खालच्या खाचेत बसवली, मशीन बंद करून चालू केलं आणि स्वतः होडी सोडली. ती सरळ धक्क्याला गेली.

"छान वळते," तो म्हणाला. "उद्या नीट दाखव."

बांगडे न खाता गेला. आईने विचारलं, भांडलात काय गं? मैना म्हणाली, नाही, चालू झालं.

*

रविवारी दुपारी.

मैना : झालं.

कुंदन : काय म्हणाले?

मैना : दिवाळी झाल्यावर ये म्हणाले. पुण्याला.

(कुंदन टाइप करतोय.)

(कुंदन टाइप करत नाहीये.)

(कुंदन टाइप करतोय.)

कुंदन : छान.

मैनाने फोन तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला. घरात आनंद चालू होता. धाकटा काका फोनवर "आपली पोरगी" म्हणत होता. मैना सगळ्यांना हो हो म्हणाली. दोनदा फोन सुलटा केला आणि दोनदा उपडा.

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा काशिरामदादा ओट्यावर दोरी वळत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी कुंदन दिसला. आज पाठीला बॅग नव्हती. शर्ट धुतलेला, केस ओले. मैना दाराच्या आत उभी होती. तिथून तिला त्याच्या चपला दिसत होत्या. ओट्याशी येऊन थांबलेल्या.

"काय रं बाला," दादा म्हणाले. "परत बिघडला कं?"

"नाय काका. मस्त चालतोय."

"मग काय इसरलास?"

"काय नाय इसरलो." चपला एकदा पुढे, एकदा मागे झाल्या. "आज काय काम नाय. असाच आलो. मैनाला बघायला."

दोरी वळायची थांबली.



"पुन्याला जायची हाय ती," दादा म्हणाले.

"माहीत हाय. म्हनून आजच आलो. जायच्या आदल्या दिवशी येऊन बोललो असतो तर तुमाला बी बरं वाटलं नसतं."

"आन तिला?"

"तिला काल राग दाखवून गेलो. आज तिचं ऐकायला आलोय. ती जा म्हनली तर जाईन."

दादांनी दाराकडे पाहिलं नाही. पण आवाज दाराकडे टाकला.

"मैने. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मैना म्हणाली. आवाज तिचाच होता, जरा वरचा.

"मग सांग काय ते."

"त्याला म्हणावं," मैना म्हणाली, "चपला काढून आत ये."

दादांनी दोरीचं भेंडोळं उचलून मांडीवर घेतलं. ओट्यावर एका माणसापुरती जागा झाली. कुंदन तिथे बसला नाही. चपला काढून आत गेला.

आईने विचारलं, कुणाला वाढू? मैनाने फळीवरचं पाहुण्यांचं स्टीलचं ताट काढलं. हातात धरून जरा थांबली. मग ते परत ठेवलं, आणि खालच्या ओळीतलं, रोजचं, कड वाकलेलं ताट काढून धुवायला घेतलं.