भेगेवरची काच

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची नाही, भर दुपारची आहे... आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

जिच्या बाबतीत घडली, ती मिनयांग माझ्या समोरच्या घरात राहते. मी तिला मानांग म्हणते, थोरली बहीण मानून. तिने हे मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता.

ठिकाण, आमच्या सान अगापितो गावाची जुनी नगरकचेरी. चौकातली, चर्चच्या समोरची. वेळ, बारा ते एक.

कचेरीचा नियम होता, जेवणाच्या सुट्टीतही एक खिडकी उघडी ठेवायची. होडीने बेटांवरून आलेली माणसं ताटकळू नयेत म्हणून. जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी मिनयांगची होती. बाकीचे जेवायला घरी जात, ही आपली बसून राही.

पण तेव्हा ती एकटी नव्हती. तिचा नवरा टुटो त्याच कचेरीचा सुतार. दारं, खिडक्या, गळकं छप्पर, सगळं तोच बघायचा. बाराच्या ठोक्याला डबा घेऊन यायचा आणि खिडकीच्या फळीवर दोन टिचक्या मारायचा.

टक... टक.

मग दोघं जेवायला बसायची.

गेल्या वर्षी जानेवारीत टुटो दप्तरखान्यात शिडीवरून पडला आणि जागीच गेला. धावपळीत त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं. आणि एक गोष्ट राहून गेली.

आमच्याकडे माणसाला घराबाहेर मरण आलं, तर त्या जागी उभं राहून, नाव घेऊन त्याला हाक मारतात. "चल, घरी जाऊ." मग मागे वळून न बघता घरापर्यंत चालत यायचं. हाक मारली नाही, तर जीव तिथेच राहतो.

टुटोला हाक मारायची कुणाला आठवलंच नाही.

त्याची आई, नानाय पुरिंग, कैक वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिने नवव्या दिवशी विचारलं, "हाक मारलीस ना त्याला?" मिनयांगचा चेहरा उतरला. उद्याच मारते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराला ती त्यासाठीच थांबली. सगळे गेले. पंखा आपोआप मंद झाला...

टक... टक.

फळीजवळ कुणी नव्हतं.

पण नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. शेजारचं स्टूल जरासं सरकलं. मिनयांग घाबरली नाही. तिने डबा उघडला, फणस घातलेली कादयोसची, म्हणजे तुरीच्या दाण्यांची, आमटी निम्मी झाकणात वाढली आणि रडत रडत जेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या घशाखाली घास उतरला.

हाक तिने मारली नाही. घरी नेलं असतं, तर तिथून तो पुढच्या वाटेला लागला असता. इथे रोज भेटत होता.

नानाय रोज विचारायची. मिनयांग रोज नवी सबब सांगायची.

जूनमध्ये गावात वाद पेटला. कचेरी ऐंशी वर्षांची, भूकंपात भिंतीला भेग गेलेली. मेयरला ती पाडून चार मजली नवी हवी होती. म्हाताऱ्या मंडळींना तीच दुरुस्त करून हवी होती. त्यांच्या बाजूने सगळ्यात हिरिरीने भांडत होती ती मिनयांग. शेजारच्या टेबलावरची बेबोत तिला चिडवायची, "मानांग, पाऊस आला की मी टेबलावर छत्री उघडून बसते, आणि तुम्हाला हा राजवाडा वाटतो."

शेवटी प्रांतातून इंजिनियर सोलिवा आले. त्यांनी भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी लावली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली, खाली तारीख लिहिली. म्हणाले, सहा महिन्यांनी येतो. काच शाबूत असली तर भेग थांबली आहे, दुरुस्ती करता येईल. काच तुटली तर भिंत अजून सरकते आहे. मग पाडण्यावाचून इलाज नाही.

ती भेग मिनयांगच्या खिडकीसमोरच होती. खाली लोकांना बसायचा बाक.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी...

टिक्.

काच मधोमध तडकली होती.

मिनयांगने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या एका तसबिरीची काच टुटोच्याच हत्याराने कापून आणली, भेगेवर चिकटवली आणि खाली तीच जुनी तारीख लिहिली.

कुणाला पत्ता लागला नाही. काच पुन्हा तुटली, तिने पुन्हा बदलली. असं सहा वेळा. घरातल्या सगळ्या तसबिरी उघड्या पडल्या. शेवटी लग्नाच्या फोटोची काचही गेली.

"मला कळत होतं गं," ती मला म्हणाली. "त्या बाकावर रोज माणसं बसायची. कळत होतं, तरी करत होते."

नोव्हेंबरात काच सातव्यांदा तुटली. मिनयांग बाराला उरलेल्या काचेची नवी पट्टी घेऊन उठली. बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं, मांडीवर दहा दिवसांची पोर. तिचं नाव नोंदवायला पहाटेच्या होडीने आलेलं. मिनयांगने त्यांना जरा सरकायला सांगितलं आणि भेगेपाशी हात नेला...

टक. टक. टक. टक. टक.

फळीवरून नाही... भिंतीच्या आतून. पोरीच्या बरोबर डोक्यावर.

टुटोने दोनच्या वर टिचकी कधी मारली नव्हती. जिवंतपणी नाही आणि नंतरही नाही.

त्या दोघांना काहीच ऐकू आलं नव्हतं. पोरीची आई म्हणाली, "मानांग, बरं वाटत नाही का? अशा मधेच का थांबलात?"

मिनयांगने त्यांना बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि तिथेच पोरीची नोंद केली. मग आत येऊन तो बाक एकटीने ओढत दुसऱ्या भिंतीला नेला. नवी पट्टी भेगेवर न लावता कचऱ्याच्या डब्यात टाकली.

डिसेंबरात इंजिनियर आले, तुटलेली काच पाहिली आणि नुसती मान हलवली. कचेरी पाडायचं ठरलं. मेयर खूश, बेबोत खूश. म्हातारे चौकात बसून हळहळले. दप्तरं बास्केटबॉलच्या शेडमध्ये हलली. मिनयांगने काय केलं होतं, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

शेवटच्या दिवशी बाराला ती रिकाम्या दप्तरखान्यात जाऊन उभी राहिली.

"टुटो, चल. घरी जाऊ."

काहीच नाही...

तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदाही मारली.

मग मागे चप्पल वाजली. डावा पाय जरा घासत. तशी चाल टुटोचीच होती.

ती निघाली. चौक गेला, बेकरी गेली, पूल गेला... पावलं मागे होतीच. एकदा वळून त्याचा चेहरा बघावा म्हणून तिचा जीव तुटत होता. पण तिने पाहिलं नाही. फाटकापाशी पावलं थांबली.

आतून नानायचा आवाज आला. "आला बाई एकदाचा. बस रे, बस."

त्या दिवसापासून म्हातारी खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागली. मी माझ्या कानांनी ऐकलंय. बोलायची, थांबायची, हसायची. समोरचा उत्तर देईल तितकाच वेळ थांबायची... मिनयांग दारात उभी राहून कान लावायची. तिला मात्र काही ऐकू यायचं नाही. ना टिचकी, ना लाकडाचा वास. तिच्याशी तो बोलतच नव्हता.

आठ दिवस असेच गेले. नवव्या दुपारी नानायने तिला आत बोलावलं.

"अगं, तो विचारतोय, इतके दिवस मला घरी का नाही आणलंस? आणि म्हणतो, भिंतीवर ते सारखं काय बदलत होतीस?"

नानाय चार वर्षं खाटेवरून उठलेली नाही. तिला हे कुणी सांगितलं?

मिनयांग खुर्चीसमोर जमिनीवर बसली. "मला एकटीला घास उतरत नव्हता," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. माणसांच्या जिवाशी खेळले मी. चुकलं माझं."

नानायची नजर हळूहळू खुर्चीवरून दाराकडे गेली... मग फाटकाकडे.

"गेला," ती म्हणाली.

"काही बोलला?"

"नाही."

"रागावला होता का? चेहरा कसा होता त्याचा?"

"दिसला नाही गं मला. पाठ होती त्याची."

त्यानंतर म्हातारी खुर्चीशी कधी बोलली नाही. हल्ली सुट्टीच्या दिवशी बाराला मीच माझं ताट घेऊन मिनयांगकडे जाते. काल जेवताना तिने मला पुन्हा विचारलं, रागावून गेला असेल का गं तो?

मी नाही म्हटलं... पण मला काय माहीत?