बेनीनं मान वळवली

"बेनीदादानं मान वळवली, बाई," ललिता म्हणाली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

चहा ओतणारा दत्ताचा हात थबकला. हर्षला ठोंबरे मात्र हलली नाही. कर्जत-खालापुरात खासगी तपास करणारी ती एकटीच. दत्ता तिची गाडी चालवायचा, चौकशीला सोबत जायचा आणि भुताखेताचं नाव निघालं की सगळ्यांत आधी घाबरायचा.

"बेनी कोण?" हर्षलानं विचारलं.

"हन्नाबाईंचा भाऊ. कवाच नदीत बुडाला. आता काचंत हाय."

हन्ना वाकरुळकर. दत्तानं नाव ऐकलं होतं. भिवपुरीला डोंगराच्या पायथ्याशी एकट्या राहणाऱ्या चित्रकार. त्यांचे पूर्वज याच मुलखात तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. बेने इस्रायली ज्यू. हन्नाबाईंनी उभा जन्म रंगीत काचांच्या खिडक्या घडवल्या आणि माणसांची चित्रं काढली. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, खिडकीत चेहरा चालत नाही, तिथं त्या डाळिंबं आणि ताडाची पानं करत. भावाचा चेहरा मात्र त्यांनी स्वतःच्या कामाच्या खोलीच्या खिडकीत बसवला. गेल्या आठवड्यात त्याच खोलीत त्या मरून पडलेल्या सापडल्या. काच भाजायच्या भट्टीच्या कोपऱ्यावर डोकं आपटलेलं, दाराला आतून कडी. पोलिसांनी अपघात ठरवला.

"मी त्यांचा सैपाक करायची," ललिता सांगू लागली. "वाडीच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून सांजच्याला बाई खोलीत दिवा लावायच्या. वाटेवरनं बेनीदादा दिसायचा, नदीकडं बघणारा. दार फोडून बाईंना भायेर काढलं, त्या सांजंला मी दिवा लावला. बाहेर येऊन बघते, तर तो वाडीकडं बघतोय. माझ्याच घराकडं! आता मानसं म्हणतात, ललितानं बाईला खाल्लं, म्हणून त्यानं तिच्यावर नजर ठेवलीय. पोरांना कोणी दारात उभं करत नाय."

हर्षलानं चहा तसाच ठेवला. "दत्ता, गाडी काढ."

हन्नाबाईंच्या दाराच्या चौकटीवर, ज्यू घरांना असते तशी, आत धर्मवचन ठेवलेली एक छोटी चांदीची नळी तिरकी ठोकलेली होती. ललितानं तिला बोट लावून ते ओठांना टेकवलं. "बाई करायच्या तसं," ती ओशाळून म्हणाली.

खोलीत शिरताच दत्ताच्या अंगावर काटा आला. भिंतभर वाडीतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे होते. ज्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता, त्यांना हन्नाबाईंनी रंगवून ठेवलं होतं. त्यातले बरेच आता हयात नव्हते, आणि सगळे दत्ताकडंच बघत होते. बाकीच्या खिडक्यांना लोखंडी गज होते. गज नव्हते ते फक्त बेनीच्या खिडकीला.

एका जागी भिंतीवर टाचण्या होत्या, टाचण्यांत कागदाचे फाटके कोपरे. मधला कागद नव्हता.

"इथं काय होतं?"

"अर्धा चेहरा." ललिता म्हणाली. "गेल्या साली चौक गावच्या रस्त्याला माझ्या नवऱ्याला, पदूला, गाडीनं उडवलं. बाई मागनं रिक्षात येत होत्या. गाडीवाला खाली उतरला, वाकून बघितलं आन् पळाला. बाईंना त्याचं कपाळ आन् कानच आठवायचा. कानाला वर खाच, बोकडाच्या कानाला करतात तशी. पोलिस म्हणाले, कानावरनं मानूस सापडत नाय."

चित्र टेकवायच्या घोडीवर एका तरुणाचं अपुरं चित्र होतं. कपाळ सुरेख उतरलेलं. कानाच्या जागी रंग खरवडून काढलेला.

"हे कोण?"

"ऋषिकेशसाहेब. कुंभिवलीला रिसॉर्ट हाय त्यांचं."

हर्षला घराला वळसा घालून मागं गेली. बाहेरून ती खिडकी पाटीसारखी काळी दिसत होती.

"चेहरा कुठं गेला?" दत्तानं घाबरून विचारलं.

"कुठं जाणार? दिवसा बाहेरून रंगीत काच काळीच दिसते. दिवा लागला की दिसेल." तिनं काचेवर नख फिरवलं. कर्र असा आवाज झाला. "हात लाव. खरखरीत आहे." मग तिनं काच धरून ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या निरखल्या. जुन्या खिळ्यांच्या माथ्यांवर ताजे ओरखडे होते.

खिडकीची ती चौकट चौक गावच्या गजा सुतारानं केली होती.

"बाईंशी भांडण झालं होतं म्हणे?" हर्षलानं त्याला विचारलं.

"झालं ना! मी म्हणत होतो पट्ट्या आतनं मारू. त्या म्हणाल्या, नाय, भायेरनं. शेवटी भायेरनंच मारल्या."

"काचेची रंगवलेली बाजू कुठं असते?"

"आत. झोपेतनं उठवून इचारा, आतच सांगेन."

ऋषिकेश रिसॉर्टच्या झोपाळ्यावर बसला होता. केस कानांवर आलेले, बोलणं गोड. "त्या दिवशी मी गेलोच नव्हतो, मॅडम."

"एरवी चित्रासाठी बसायचा कुठं?"

"खिडकीसमोर. कंटाळा आला की काचेतल्या त्या माणसाला बघायचो. कायम डावीकडं बघत असायचा, मला टाळल्यासारखा."

"बाहेरून पाहिलाय कधी?"

"मागं कशाला जाऊ? गेटातून आत, गेटातून बाहेर. तेही अंधाराच्या आत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्षलानं सगळ्यांना हन्नाबाईंच्या खोलीत बोलावलं. फौजदार दाराशी उभे राहिले. बेनीच्या मागचं आभाळ अजून उजळ होतं आणि त्याचा चेहरा काचेत जिवंत वाटत होता. दत्तानं तिकडं पाठ केली.

"खिडकी मेलेल्या माणसानं वळवली नाही," हर्षला म्हणाली. "कोणीतरी काच काढली आणि उलटी बसवली. रंगाची खरखरीत बाजू आता बाहेर आहे. पट्ट्या बाहेरून आहेत. म्हणजे खुनी दारानं बाहेर गेला, पट्ट्या उचकटून काच उतरवली, परत आत येऊन कडी घातली आणि मोकळ्या खिडकीतून बाहेर पडला. मग काच पुन्हा बसवली. झाला अपघात."

"पण उलटी का?" दत्ता म्हणाला.

"तेच त्याचं नाव सांगतं. गजा सुतार रंगाची बाजू चुकणार नाही. ललिता वाटेवरून रोज बघायची. तिनं बसवली असती तर बेनी बाहेरून उजवीकडं, नदीकडंच बघत राहिला असता. खुन्यानं उतरवलेली काच उजेडात धरली तेव्हा त्याला चेहरा दिसला. आपल्या आठवणीप्रमाणं त्यानं तो डावीकडं बघणारा बसवला. डावीकडं तो फक्त आतून दिसायचा. म्हणजे ज्यानं ही खिडकी कायम आतूनच पाहिली, असा माणूस."

ऋषिकेश हसला. "यावरून काय सिद्ध होतं?"

"काचेवरचे ठसे सकाळीच घेतलेत. तुमच्याशी जुळवायचे बाकी आहेत. आणि भिंतीवरचा कान गेला, चित्रातला कान खरवडला. हन्नाबाई तुमचा चेहरा रंगवता रंगवता कानापाशी आल्या, त्यांनी केस मागं घ्यायला लावले आणि तुम्हाला ओळखलं. आताही जरा केस मागं घ्या."

तो हलला नाही. फौजदारांनीच पुढं होऊन त्याचे केस बाजूला केले. डाव्या कानाला वर खाच होती.

ऋषिकेश मटकन खाली बसला. "त्या ओरडल्यासुद्धा नाहीत," तो पुटपुटला. "म्हणाल्या, आधी ललिताला सांगू. मी येते तुझ्याबरोबर. माझा हात धरला. मी ढकललं फक्त... फक्त ढकललं."

मग ललिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू गाडीतनं खाली उतरलास तवा पदू जिता होता का रं?"

त्यानं मान खाली घातली. "होता."

"काय बोलला?"

"पाणी मागितलं."

"मग?"

"गाडीत बाटली होती," तो म्हणाला.

फौजदारांनी त्याला दंडाला धरून उठवलं. ललिता दारात जाऊन उभी राहिली होती. ती बाजूला झाली नाही, आणि तिला बाजूला हो म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. त्याला तिच्या अंगाला घासूनच बाहेर जावं लागलं.