दाबू नका, टेकवा

"दाबू नका. नुसतं टेकवा."

हे वाक्य रोशनी दिवसभरात इतक्यांदा म्हणायची, की झोपेतही तिच्या तोंडून तेच निघत असणार, असं तिच्या आईचं ठाम मत होतं. नाशिक रोडला, जेल रोडच्या वळणावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक सेवा केंद्र आहे. दाखले, केवायसी, पेन्शनवाल्यांचे हयातीचे पुरावे... ज्याला ज्याला बोटाचा ठसा देऊन 'मीच तो' हे पटवून द्यायचं असतं, तो तिथे येतो. काउंटरपलीकडे रोशनी असते. लोक घाबरून त्या इवल्याशा काचेवर बोट असं रेटतात, की ठसा फिसकटतोच. म्हणून ते वाक्य.

तिचीही यातून सुटका नव्हती. सकाळी केंद्र उघडलं की आधी तिला स्वतःचा ठसा द्यावा लागायचा, त्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. ती डाव्या हाताची तर्जनी टेकवायची, कारण उजव्या हातात तेव्हा चहाचा ग्लास असायचा.

आणि रोशनीला एक खोड होती, ती आधीच सांगून टाकलेली बरी. पोरगी भारी चौकस. समोर आलेला हात बघून माणूस ओळखायची. हा कांद्याच्या खळ्यावरचा, ही द्राक्षबागेत जाणारी, हे प्रेसमधून रिटायर झालेले काका. "नसत्या चौकशा करत बसतेस," आई म्हणायची. पण करणार काय, दिवसभर समोर हातच तर होते.

तर डिसेंबरातल्या एका सोमवारी, सगळं नाशिक रोड स्वेटरात गुंडाळलेलं असताना, एक उंच मुलगा काउंटरपाशी आला. नाव कुंदन अहिरे, गाव सटाण्याकडचं, इथे मामांकडे राहायचा. त्याने डावा हात पुढे केला. स्क्रीनवर लाल फुली आली. पुन्हा बोट, पुन्हा फुली.

"दाबू नका. नुसतं..."

"टेकवलंय," तो म्हणाला.

रोशनीने त्याचा हात उलटा करून पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या. चार बोटांची टोकं घट्टे पडून कडक झालेली. अंगठा मात्र साफ. आणि उजवा हात तर अगदी लोण्यासारखा मऊ.

"काय काम करता तुम्ही?"

"सध्या काहीच नाही."

"मग हे कशाने? शिंपीकाम?"

"नाही."

"बागेत छाटणी?"

"छाटणीला उजवा हात लागेल ना." त्याच्या डोळ्यांत आता हसू होतं. "तुम्हीच ओळखा..."

"ए पोरा, आवर नं," मागून लंकाबाई बोलल्या. लंकाबाई कोपऱ्यावर भाजी विकायच्या आणि पेन्शनच्या चौकशीला दर दोन दिवसांनी यायच्या. "माझी मेथी तिकडं वाऱ्यावर पडली हाय."

रोशनीने उजव्या बोटावर केवायसी करून टाकली. काम संपलं, पण कुंदन हलेना. लंकाबाईंना पुढे जाऊ देऊन तो बाजूला उभा राहिला, आणि त्या गेल्यावर हळूच म्हणाला, "मला डावाच हवाय."

मग सगळं कळलं. तीन वर्षं परीक्षा दिल्यावर त्याला मनमाडला रेल्वेत नोकरी लागली होती. परीक्षेच्या वेळी डाव्या तर्जनीचा ठसा घेतला होता. जानेवारीत रुजू होताना तोच जुळायला हवा.

"नाही जुळला तर?"

"तर परीक्षेला माझ्या जागी दुसराच कोणी बसला होता, असं समजतील."

रोशनीने पुन्हा त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग न राहवून तिने विचारलंच, "पण घट्टे कशाचे?"

"गिटार," तो म्हणाला, चोरी कबूल करावी तसा. "निकाल लागेना, घरात करमेना. म्हणून घेतली."

"छान वाजवता?"

"छान? तीन कॉर्ड येतात. एकावरून दुसऱ्यावर बोटं नेईपर्यंत गाणं पुढच्या चौकात पोचलेलं असतं."

ती खळखळून हसली. झेरॉक्सवाल्याने मान वळवून पाहिलं.

उपाय तिनेच सांगितला. गिटार बंद. रोज कोमट पाण्यात बोटं बुडवायची, खोबरेल तेल चोळायचं, आणि दर सोमवारी येऊन ठसा तपासायचा. पुढच्या सोमवारी तो आला. फुली.

"खरं सांगा. वाजवली ना?"

"समोर दिसली की हात जातो हो..."

"मग समोर ठेवू नका."

"मामांच्या दोन खोल्या. ठेवू कुठे?"

"माझ्याकडे ठेवा." बोलून गेली आणि मग तिचे कान तापले. "म्हणजे... तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून."

"नोकरीचा प्रश्न आहे म्हणून," त्यानेही अगदी गंभीरपणे मान डोलावली. "बघा हं, पण ती पिशवी उघडलीत तर तुम्हालाही नाद लागेल."

"मी कशाला उघडू?"

दोन दिवस नाही उघडली, हे तिच्या मानाने पुष्कळच झालं. "कुणाचं धूड आणलंस घरी?" असं आईने विचारलं, त्यावर "मैत्रिणीचं" म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिशवी घेऊन गच्चीवर गेली. चेन उघडली. सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढली. तो घुमणारा आवाज आधी पोटाला लागला, मग कानाला. तिने चमकून इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा ओढली. हे लाकूड पोकळ म्हणून घुमतं का? तार दाबली की सूर चढतो तो का? जाड तारेला आतून काय गुंडाळलंय? खाली आई जेवायला हाका मारत होती, आणि ही आपली तारांशी बोलत बसलेली.

"काय हो," पुढच्या सोमवारी तिने अगदी सहज विचारलं, "त्या तुमच्या कॉर्डांमध्ये सगळ्यात सोपी कोणती?"

"ई मायनर. दोनच बोटं. का?"

"असंच."

त्याने काउंटरवरची लाकडी पट्टी उचलली, ती गिटारची मान समजून डाव्या हातात धरली आणि दोन बोटं त्यावर ठेवून दाखवली. मग पट्टी तिच्या हातात दिली. तिचं मधलं बोट चुकीच्या जागी पडलं. त्याने ते उचलून नीट ठेवलं... आणि आपला हात मागे घ्यायला त्याला जरा उशीर झाला.

"आमचे गिटारचे सर म्हणतात, शिकाऊ माणूस लगेच ओळखू येतो. जीव जाईस्तोवर तार दाबतो. दाबायची नसते. नुसतं..."

"टेकवायचं?" रोशनीने डोळे मोठे केले. "हे तर माझं वाक्य आहे."

"मग तुम्हाला लवकर येईल."

त्या दिवशी ठसा जवळजवळ आला होता. रेषा दिसत होत्या, पण जुळला नाही. कुंदनचा चेहरा पडला. आणि रोशनीला... रोशनीला बरं वाटलं. अगदी मनापासून. ठसा नाही म्हणजे अजून एक सोमवार. मग लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिने खोबरेलची नवी बाटली आणून त्याच्या हातात कोंबली. ज्याची तीन वर्षांची मेहनत पणाला लागलीय, त्याचं बोट बिघडलेलं राहावं, असं आपल्याला वाटतंच कसं?

"बोट दुखतंय का?" तिने उगाच विचारलं.

"बरं शे," तो आपल्या अहिराणीत बोलून गेला, आणि लाजून म्हणाला, "म्हणजे, ठीक आहे."

पुढच्या सोमवारी काचेवर बोट टेकलं आणि स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

"झालं," रोशनी म्हणाली. "अभिनंदन."

"थँक यू," तो म्हणाला. बराच वेळ तो त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिला, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. जाताना एवढंच बोलला, "मनमाडला सगळं नीट झालं की गिटार न्यायला येतो."

मनमाडला सगळं नीट झालं. तसा त्याचा फोन आला. एका सोमवारी सकाळी रोशनीने गिटार स्कूटीवर पायांपुढे उभी करून आणली, शटर वर केलं, ती काउंटरला टेकवून ठेवली आणि तिच्याकडे पाठ केली. कुंदन आधीच बाहेर उभा होता. नवा शर्ट, कपाळावर गंध. मागे लंकाबाईही हजर.

"या," रोशनी म्हणाली. "आधी मशीन सुरू करते."

गेले आठ-दहा दिवस ती आठवणीने चहा खाली ठेवून उजव्या हाताचं बोट देत होती. आज गडबडली. उजव्या हातात चहाचा ग्लास, आणि सवयीने डावी तर्जनी काचेवर टेकली.

लाल फुली.

तिने पटकन पुन्हा टेकवली. पुन्हा फुली. कुंदन काउंटरवरून पुढे वाकला.

"दाबू नका," तो म्हणाला.

"टेकवलंय." तिने हात मागे ओढला, पण त्याने तो अलगद धरला आणि उलटा केला. बोटांच्या टोकांवर तारांचे बारीक वण होते, आणि मधल्या बोटाचा घट्टा तर सोलवटलेला.

"ई मायनर?" त्याने विचारलं.

"जी कॉर्डपण येते थोडी." ती त्याच्याकडे बघेना. "शिकतेय ते कळवणार होते. पण मग तुम्ही गिटार न्यायला येणार होतात, म्हणून... आणि एक सांगू? त्या सोमवारी तुमचा ठसा आला नाही ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता काय समजायचं ते समजा."

कुंदनने तिच्या सोलवटलेल्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो येणारच नव्हता. आदल्या दिवशी मित्राच्या गिटारवर दोन तास बोटं घासून आलो होतो."

"का?"

"ठसा आला असता तर पुढच्या सोमवारी कशाला आलो असतो मी?"

"वेडा आहेस का तू?" तिचा आवाज चढला, डोळे भरून आले, आणि 'तुम्ही' कुठे गेलं ते दोघांनाही कळलं नाही. "नोकरी गेली असती."

"घाबरलो ना मग. तिथून पुढे हात लावला नाही, शपथ. तुझ्या तेलाची बाटली संपवली सगळी." त्याने तिचा हात सोडला नव्हता. "गिटार राहू दे तुझ्याकडेच. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघालो की तासाभरात नाशिक रोड. दर रविवारी येईन."

"गिटारसाठी?"

"नाही," तो म्हणाला.

रोशनीने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. ज्या माणसाचं बोट ती महिनाभर तपासत होती, त्याच्या डोळ्यांचा रंग तिने आजच पाहिला. तपकिरी होता.

"बरं शे," ती म्हणाली.

"काय ठरलं तुमचं?" लंकाबाई मागून पुढे आल्या. तिचा एक हात त्याच्या हातात, दुसऱ्यात चहा. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. "लय झालं. दे तो चहा इकडं. एक हात तरी मोकळा कर गं बाई, माझी मेथी सुकती."

चहाचा ग्लास लंकाबाईंकडे गेला आणि त्यांनी लगेच एक घोट घेतलाही. रोशनीने उजवं बोट काचेवर टेकवलं. हिरवी खूण आली, यंत्र सुरू झालं. डावा हात मात्र तिने होता तिथेच राहू दिला.