गार झालंय, उघडा

ही ऐकीव गोष्ट नाही. तेव्हा मी त्याच घरात होते, मावशीच्या शेजारी.

रविवारची भर दुपार. बाहेर लख्ख ऊन.

मावशीचे यजमान, आमचे काका, गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलायला खाली गेले होते. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. नुकतेच बाहेरून आले होते, इंजिन तापलेलं.

"निवू दे आधी. गरम असताना झाकण उघडलं तर तोंडच भाजायचं," असं स्वतःच सांगून गेले.

मावशी आणि मी वर स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो.

तेवढ्यात खालून आवाज आला...

"अहो, गार झालंय. उघडा ना."

मावशीची सुरी थांबली.

तो मावशीचा आवाज होता.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले...

"अहो, थांबा!" ती खिडकीकडे धावली.

फस्सकन आवाज झाला. मग काकांची किंकाळी.

आम्ही खाली पोहोचलो, तर काका तोंड धरून लोळत होते. फरशीवर वाफाळणारं हिरवं पाणी.

गाडीजवळ दुसरं कुणीच नव्हतं.

त्यांचे दोन्ही डोळे गेले.

दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या ते मावशीला म्हणाले, "तूच म्हणालीस ना उघडा म्हणून?"

"मी वर होते हो!"

"खोटं बोलू नकोस. माझ्या कानाशी उभी होतीस."

मी शपथ घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "तू तिचीच भाची."

मावशीने त्यांचं सगळं केलं. भरवलं, अंघोळ घातली. पण तिने तोंड उघडलं की हाताला येईल ते फेकून मारायचे. ती घरात मुक्यासारखी वावरायला लागली. शेवटी त्यांनी तिला घराबाहेर काढलं. आता ती आमच्याकडे असते.

परवा न राहवून मी काकांना फोन केला.

स्वारी चक्क खुशीत होती. "अगं, तुझी मावशी परत आली की! चूक कबूल केली तिने. आता किती गोड बोलते."

मावशी माझ्यासमोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काका... घरात कोण आहे?"

ते हसले. आणि अगदी फोनजवळून...

"अहो, कुणाचा फोन?"

मी फोन कट केला.

"कसे आहेत गं?" मावशीने विचारलं.

"बरे आहेत."

अजून तिला काही सांगितलेलं नाही. त्या घरी जायची माझी हिंमत होत नाही. फोन मात्र करून पाहिला, पुन्हा पुन्हा.

आता काका उचलत नाहीत.

तीच उचलते.