जोडीनं सोडलेला उपास

देवापुढचा दिवा तेवतोय, त्याच्या साक्षीनं सांगते. यात पदरचं एक अक्षर नाही.

हे माझ्या धाकट्या जावेच्या, गिरिजाच्या घरी घडलं. शारजात, अल मजाजला. गेल्या श्रावणातला दुसरा सोमवार.

तिचे यजमान, यतीनभावजी, मरणाच्या दारात होते, तेव्हा तिनं महादेवाला बोलून ठेवलं होतं. श्रावणी सोमवार जोडीनं धरू, जोडीनंच सोडू. पण यांना सांभाळ.

त्या सोमवारी भावजी कंपनीच्या ट्रिपला होते. पार उत्तरेला, नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटावर. हिमनदीनं कोरलेली दरी बघायला.

"तुमचा सूर्य मावळला की फोन करा हं. मग मी जेवेन," एअरपोर्टवर ती म्हणाली होती.

"यल्ला, चल, करतो! तुझा महादेव आहेच माझ्यावर नजर ठेवून."

साडेसातला फोन वाजला.

"मावळला गं सूर्य. मी सोडतोय. तू जेव."

आवाज त्यांचाच.

मागे मात्र वारा नाही, माणसं नाहीत… काहीच नाही.

गिरिजानं वरणभाताचा घास घेतला.

"बट आई," त्यांची लेक आभा म्हणाली, "तिथे आत्ता सन सेट होतच नाही! जिओग्राफीत होतं."

घास तोंडातच फिरला.

नवरा भुकेपोटी खोटं बोलला? तेही महादेवाच्या उपासाला? तिचे डोळे भरून आले.

तासाभरानं पुन्हा फोन.

"आत्ता हॉटेलवर पोचलो गं. दरीत दिवसभर रेंजच नव्हती."

"मग मघाशी खोटं का बोललात?"

"मी? फोन तूच केलास की! म्हणालीस, मी जेवले, तुम्हीही सोडा."

"अहो… रेंज नव्हती ना?"

पलीकडे ते मोबाइलमधले कॉल चाळू लागले.

"काय खाल्लंत तुम्ही?"

"मी जरा मागे राहिलो होतो. वाटेत कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची वस्ती लागली. एका म्हातारीनं गरम लापशी वाढली…" त्यांचा आवाज बारीक झाला. "गाईड म्हणतो, ती वस्ती तीस वर्षं ओस पडलीय."

दोघांच्याही मोबाइलमध्ये त्या दोन्ही कॉलची नोंद नाही.

भावजी परतले. सुखरूप, असं सगळे म्हणतात.

पण त्यांना भूक लागत नाही. गिरिजा वाढते, ते ताटाकडे बघत बसतात. "जेवलोय गं मी," म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल.

परवा ती हळूच म्हणाली, "ताई, माझ्याच आवाजानं फसवलं हो त्यांना. आता मी हाक मारली, की ते आधी माझ्या तोंडाकडे बघतात…

ओठ हलतात का, ते."