उजवीकडचे चौऱ्याहत्तर किलो

बोटीवर जाणारी प्रत्येक वस्तू ग्वेन युरिच आधी वजनकाट्यावर ठेवायची. बॅटऱ्या, मोटारी, काचा, गाद्या हे तर झालंच. पण मालकांची चहाची किटली, पत्त्यांचा जोड आणि मालकीणबाईंच्या पुदिन्याच्या तीन कुंड्यासुद्धा. कुंड्या तर दोनदा. एकदा कोरड्या, एकदा पाणी घातल्यावर. दोन अरुंद होड्या आणि त्यांना जोडणारा एक रुंद डेक, अशी जुळी बोट कागदावर काढायची आणि ती नुसत्या उन्हावर पळवायची, तर एकेका किलोशी भांडावं लागतं.

बोटी बांधणाऱ्या यार्डची मुकादम नायरी पराता एकदा सँडविच खातखात डेकवर चढली, तेव्हा ग्वेनने मान वर न करता विचारलं, "त्यात काय आहे?"

"अंडं."

"इथे संपवणार की खाली नेणार?"

"पोटात नेणार. लिही तुझ्या यादीत. नायरी, अधिक एक अंडं."

ग्वेनने खरंच लिहिलं.

फांगारेई बंदराच्या नदीकाठी, यार्डच्या शेडवर, ग्वेनचं बोटींचे आराखडे काढायचं ऑफिस होतं. दारावर एकोणीस वर्षं दोन नावं होती: युरिच आणि टेट. अजूनही दोनच होती. फर्गस टेट गेल्या एप्रिलमध्ये मासे धरायला खाडीच्या मुखाबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याची छोटी होडी सापडली, तो सापडला नाही. होडी उलटली नव्हती. फर्गसची कुठलीच होडी कधी उलटली नाही. बाकावर त्याचा थर्मास सरळ उभा होता, झाकण घट्ट लावलेला.

दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, तसं काही असल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. एकोणीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसून दोघं एकमेकांच्या रेघा खोडत होते, एवढंच. आता कुणी खोडणारं नव्हतं. ग्वेन संध्याकाळी स्वतःच्याच रेघा खोडायची आणि सकाळी पुन्हा काढायची.

धंद्यातली माणसं म्हणायची, डोकं फर्गसचं आणि पेन्सिल ग्वेनची. तेव्हा ही नुसत्या पेन्सिलीने केलेली पहिली बोट होती. तेरा मीटर लांब, शिडाची काठी नाही, छपरावर आणि मागच्या डेकवर मिळून चोवीस सोलर पॅनेल. गुरुवारच्या स्थैर्य-चाचणीत ती पास झाली, तर ऑफिस चालू राहणार होतं. नापास झाली, तर ग्वेनची बहीण दक्षिणेला इन्व्हरकार्गिलमध्ये वाट बघत होती. तिच्या नवऱ्याचं स्वयंपाकाच्या ओट्यांचं दुकान होतं. "ओटेसुद्धा सरळच लागतात," असं तो फोनवर समजुतीने म्हणाला होता.

सोमवारी भरतीला क्रेनने बोट पाण्यात उतरवली. पट्टे सुटले, बोट जरा डुलली आणि थांबली. ग्वेन मोजपट्टी घेऊन चारही कोपऱ्यांवर गेली. पाणी चारही ठिकाणी रंगवलेल्या रेघेवर होतं. केसभरही इकडेतिकडे नाही.

"चर्चमधल्या म्हातारीसारखी बसली आहे," नायरी म्हणाली. "आता तरी हस."

ग्वेन हसली. दुपारी वर जाऊन तिने गुरुवारसाठी वजनांची यादी छापायला घेतली. सवयीने हाताने बेरीज केली. हाताची बेरीज कॉम्प्युटरच्या बेरजेपेक्षा चौऱ्याहत्तर किलोंनी कमी आली.

पुन्हा केली. चौऱ्याहत्तरच.

मग तिला यादीच्या अगदी वर, मिटून ठेवलेली एक ओळ दिसली. ती उघडली.

*फर्गस. उजवी मागची पायरी. ७४.*

ही जुनी मस्करी होती. पहिल्या बोटीपासून फर्गस यादीत स्वतःला टाकायचा. माझ्याशिवाय माझी बोट निघणार नाही म्हणायचा. आणि दर बोटीला, यादी पक्की करण्याआधी, ग्वेन ती ओळ काढायची. या वेळी तिने मागच्या बोटीची यादी उचलून नवीन सुरू केली होती. ओळ टाकणारा नव्हता, म्हणून ती काढायचीही राहिली. सगळी बोट त्या ओळीसकट तोलली गेली होती. उजवीकडच्या चौऱ्याहत्तर किलोंना उतारा म्हणून बॅटऱ्यांचा अख्खा संच अर्धा मीटर डावीकडे बसला होता.

म्हणजे बोट डावीकडे कलायला हवी होती. फार नाही, करंगळीच्या जाडीइतकी.

ग्वेन मोजपट्टी घेऊन पुन्हा तरंगत्या धक्क्यावर गेली. बोटीवर कुणी नव्हतं. पाणी आरशासारखं होतं. चारही कोपरे रेघेवर.

मोजमाप चुकलं की बोटी काढणारा माणूस घाबरतो. न चुकल्यामुळे घाबरायची ग्वेनची ही पहिलीच वेळ होती.

मंगळवारी पॅनेल चालू केली. प्रत्येक पॅनेलची वीज वेगळी दिसेल अशी सोय होती, ती ग्वेनने ऑफिसातल्या पडद्यावर घेतली. तेवीस रेघा सकाळपासून टेकडीसारख्या चढत गेल्या. अकराव्या पॅनेलच्या रेघेला दहाला एक खड्डा पडला आणि दहा वीसला भरून आला. अकरावं पॅनेल मागच्या डेकवर होतं, उजवीकडे, पायरीच्या वर.

"सीगल बसला असेल, त्याची सावली," नायरी म्हणाली.

"वीस मिनिटं? एकाच जागी?"

"म्हातारा असेल. बसू दे की बिचाऱ्याला."

दहा ते दहा वीस ही यार्डातली चहाची सुट्टी. त्या वेळात सगळे शेडमध्ये असतात. फर्गस तेवढा कधी नसायचा. तो आपला मग घेऊन पाण्यातल्या बोटीच्या उजव्या पायरीवर जाऊन उभा राहायचा, एक पाय वर, एक पाय खाली. नायरीला हे ठाऊक होतं. संध्याकाळी तिने दुकानातून प्लास्टिकचं घुबड आणलं आणि सीगल हाकलायला मागच्या डेकवर, पायरीकडे तोंड करून, चिकटपट्टीने बसवलं.

ग्वेनने यादीत लिहिलं: घुबड, प्लास्टिक, चारशे ग्रॅम.

बुधवारी दहाला खड्डा पडला. दहा वीसला भरून आला. ग्वेन खाली गेली तर घुबडाचं तोंड नदीकडे होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"तू फिरवलंस?" तिने विचारलं.

"मला दुसरी कामं नाहीत?" नायरी म्हणाली. मग म्हणाली, "बॅटऱ्या हलवायच्या का गं उजवीकडे? रात्रीपर्यंत करून देते. मग तुझी यादीही खरी आणि बोटही."

म्हणजे तिने यादी पाहिली होती.

ग्वेनने विचार केला. बॅटऱ्या मध्यावर आणल्या आणि बोट सरळच राहिली, तर हे सगळं कुठल्यातरी गणितातली चूक होती. पण बॅटऱ्या मध्यावर आणल्या आणि बोट उजवीकडे कलली, तर?

तिला वाटलं, आपल्याला यातलं काहीच कळायला नको आहे.

"राहू दे," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी नऊला तपासनीस आला. बेव्हन स्ट्रोड, साठीचा, अंगावर चार खिशांचं जाकीट आणि चारही खिशांत पेन्सिली. युरिच आणि टेटची प्रत्येक बोट त्यानेच तपासली होती. मालक लेस हॅडफील्डही आले. ते निवृत्त शाळामास्तर होते, म्हणून सांगितल्याबरोबर रांगेत उभे राहिले.

चाचणी साधी असते. जेवढी माणसं बोटीवर लागतात तेवढीच राहतात. प्रत्येकाचं वजन लिहितात आणि डेकवर खडूने फुली मारून त्याला तिच्यावर उभं करतात. मग पाण्याची पिंपं एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि डेकवर आडव्या टाकलेल्या पारदर्शक नळीत पाणी किती चढलं ते वाचायचं. आठदा. आठ ठिपके कागदावर एका सरळ रेघेत आले पाहिजेत. ठिपका रेघेबाहेर गेला, तर एकच कारण असतं. कुणीतरी फुली सोडली.

चार फुल्या. ग्वेन, नायरी, लेस, बेव्हन. पिंपं नायरीची माणसं धक्क्यावरून दोऱ्यांनी ओढत होती.

पहिला ठिपका. दुसरा. दोन्ही रेघेवर.

तिसरा नऊ मिलीमीटर खाली गेला.

"कोण हललं?" बेव्हन म्हणाला.

लेसनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "मी नाही हो. मी तर खोकलासुद्धा गिळला."

"पुन्हा."

तिसरा जागेवर आला. चौथाही. पाचवा पुन्हा घसरला. नळीतलं पाणी हळूहळू सरकत होतं, कुणीतरी सावकाश चालत उजवीकडून मध्यावर यावं, तिथे थांबून इकडे काय चाललंय ते पाहावं, तसं.

"कोण हललं?" बेव्हनने पुन्हा विचारलं. या वेळी आवाज खाली होता. एकोणीस वर्षं हा प्रश्न तो एकाच माणसाला विचारत आला होता.



"असंच चाललं तर मला नापास लिहावं लागेल, ग्वेन," तो म्हणाला. "माझा इलाज नाही."

ग्वेनने घड्याळ पाहिलं. दहाला दहा मिनिटं कमी होती.

ती आपली फुली सोडून मागे गेली. उजव्या पायरीशी गुडघ्यांवर बसली. खिशातून खडू काढला आणि पायरीवर फुली मारली. चांगली ठसठशीत.

"इथे," ती म्हणाली. आवाज अगदी ऑफिसातला होता. "आणि दहा मिनिटं हलायचं नाही. मग चहा."

लेसनी नायरीकडे पाहिलं. नायरी आकाशाकडे बघत होती.

ग्वेन परत आपल्या फुलीवर येऊन उभी राहिली.

"पहिल्यापासून," बेव्हन म्हणाला.

एक. दोन. तीन.

चार.

पाच, सहा, सात.

आठ.

बेव्हनने पट्टी लावून रेघ ओढली. आठही ठिपके बरोबर तिच्यावर आले. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने निकालाचा फॉर्म भरला, सही केली आणि ग्वेनच्या हातात दिला.

"खडू पुसून टाका," जाता जाता तो म्हणाला. "मालकांना डाग वाटेल."

ग्वेनने कागद वाचला. निकाल: पास. खाली बेव्हनच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, चाचणीवेळी बोटीवर माणसं: पाच.

तिने खडू पुसला नाही. अकरा वाजता पाहिलं तर फुलीचा मधला भाग फिकट झाला होता, तळव्याएवढा.

शनिवारी हॅडफील्ड नवराबायको बोट घेऊन निघाले. कुंड्या चढल्या, किटली चढली, घुबड मालकीणबाईंना आवडलं म्हणून तेही राहिलं. नायरी दोर सोडून भरल्या डोळ्यांनी शेडमध्ये गेली आणि तिथून कुणावर तरी ओरडल्याचा आवाज आला. ग्वेन धक्क्याच्या टोकाला एकटी उभी राहिली.

बोट आवाज न करता सरकली. उन्हावर चालणाऱ्या बोटीला निरोपाचा आवाजही नसतो. ग्वेन रंगवलेली रेघ बघत होती. तिला वाटलं होतं तो जाईल. माझ्याशिवाय माझी बोट निघणार नाही, असं म्हणणारा माणूस. समुद्र तर त्याला आवडायचाच. ती स्वतःशी म्हणाली, चला, एकाचं तरी काम झालं. आता सोमवारी दारावरून टेट हे नाव उतरवून घ्यायचं.

वळणाशी बोट तिरकी झाली तेव्हा तिला दोन्ही होड्या दिसल्या.

डावी रेघ पाण्याखाली गेली होती. उजवी वर आली होती.

करंगळीच्या जाडीइतकी.

फोन वाजला. लेस होते. "ग्वेन, तक्रार नाही हं, बोट झकास आहे. पण ही म्हणते, ओट्यावरची लिंबं डावीकडे घरंगळतायत. उजवीकडे काही ठेवायचं होतं का? आम्ही तिथे काही विसरलो का?"

"बॅटऱ्या," ग्वेन म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या. अर्धा मीटर सरकवून देते. माझी चूक आहे."

"कसली घाई नाही. लिंबं टोपलीत घातली."

तिने फोन खिशात ठेवला. भरती थांबली होती. नदीवर एकही लाट नव्हती. धक्क्याच्या लाकडी तराफ्यांवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

दहा वाजले. शेडमधून चहाची घंटा ऐकू आली.

तिच्या पायांखालचा तराफा उजवीकडे, मागच्या कोपऱ्यात, सावकाश खाली गेला. पाणी फळीच्या कडेवर आलं, आणि तिथेच थांबलं.

ग्वेनने मागे वळून पाहिलं नाही. सवयीने ती एक पाऊल डावीकडे सरकली.

तराफा सरळ झाला.